एचमॅकचं पॅकेज: सामायिक वापरावं की स्वतः लिहावं?

पवईकर: आज आमच्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या डिपेंडन्सी, म्हणजे तो ज्या दुसऱ्यांच्या पॅकेजवर उभा आहे ती, उलगडून बघितल्या. एचमॅक, म्हणजे गुप्त चावीने मेसेजवर केलेली सही, काढणारं क्रिएट-एचमॅक पॅकेज आम्ही कधी हाताने घातलेलं नाही, तरी पीबीकेडीएफ२ (पासवर्डवरून चावी बनवणारं) आणि क्रिप्टो-ब्राउझरिफाय (ब्राउझरसाठी क्रिप्टो पुरवणारं) या दोन पॅकेजांच्या मागून ते आत शिरलंय. त्याच्या पोटात शा-डॉट-जेएस, हॅश म्हणजे डेटाचा ठरावीक लांबीचा ठसा काढणारं पॅकेज. ऑगस्ट २०२५ मध्ये नेमकं त्यातच भोक निघालं. इनपुटचा प्रकार तपासलाच जात नव्हता. स्ट्रिंगऐवजी उणे लांबीचा ऑब्जेक्ट दिला की हॅशची आतली स्थिती मागे सरकायची, म्हणजे आधी घातलेला डेटा जणू नव्हताच. २.४.१२ या आवृत्तीत दुरुस्ती आली. पण एकाच्या चुकीने सगळ्यांनी का मरावं? एचमॅक जेमतेम वीस ओळींचं. स्वतः लिहा, सुटा.

ठाण्याची: त्या वीस ओळी आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एका हुशार मुलाने लिहिल्या होत्या. आठ महिने सुरळीत. मग एका क्लायंटने लांबलचक चावी दिली आणि त्यांचा एकही मेसेज जुळेना. शा-२५६ या हॅशचा ब्लॉक, म्हणजे तो एका वेळी घेतो तो तुकडा, ६४ बाइटचा. चावी त्याहून मोठी असेल तर आधी तिचाच हॅश काढायचा असतो. याने सरळ ६४ वर कापली होती! एचमॅकच्या चाचण्या देणाऱ्या आरएफसी ४२३१ या दस्तऐवजात १३१ बाइटच्या चावीची चाचणी यासाठीच दिलीय. ती चालवली असती तर त्या रात्री माझी दादरची शेवटची गाडी चुकली नसती.

गिरगावकर: चूक झाली, पण एकाच ऑफिसात ना? चाळीच्या टाकीत पाल पडली की सगळे मजले आजारी पडतात.

ठाण्याची: टाकी सामायिक आहे म्हणून पाल दिसते तरी. तुमच्या घरच्या पिंपात कोण डोकावतंय?

विरार_स्लो: दोघंही पिंपात अडकलात. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये क्रिएटएचमॅक अंगभूत आहे, पायथनमध्ये एचमॅक मॉड्यूल आहे. सर्व्हरवर या पॅकेजचं कामच काय? आणि सह्या ताडताना साधं बरोबरचं चिन्ह वापरू नका, टायमिंग-सेफ, म्हणजे लागणाऱ्या वेळेवरून काही फुटू न देणारी, तुलना वापरा. स्वतः लिहिणारे हटकून इथेच घसरतात.

पवईकर: सर्व्हरचं कबूल. ब्राउझरचं काय? तिथलं अंगभूत वेब क्रिप्टो प्रॉमिस देतं, म्हणजे उत्तर नंतर येतं, आणि या लायब्ररींना उत्तर जागच्या जागी हवं. म्हणजे अदलाबदल करायची तर वरपर्यंत सगळ्यांचे एपीआय, म्हणजे वापरायची पद्धत, बदला. शिवाय स्वतःच्या मशीनवरचं लोकलहोस्ट सोडलं तर एचटीटीपीएसशिवाय ते मिळतच नाही. टेस्टरने फोनवर ऑफिसच्या वायफायवरून आयपी टाकून पान उघडलं, तर वेब क्रिप्टोचं सटल अनडिफाइंड, म्हणजे गायबच. अर्धा दिवस गेला.

विरार_स्लो: अर्धा दिवस जाऊ दे. नव्या कोडमध्ये तरी वेब क्रिप्टोच वापरा, जुनं राहू दे पॅकेजवर.

गिरगावकर: "जुनं राहू दे" हे वाक्य मी पंधरा वर्षं ऐकतोय.

ठाण्याची: ते जाऊ दे. पवईकर, तुमच्या लॉकफाइलमध्ये, म्हणजे पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांच्या यादीत, शा-डॉट-जेएस कितव्या आवृत्तीचं आहे, तेवढं सांगा.

पवईकर: …२.४.११. आलोच.