ओटाय मेसावरचे करडे रॅगवीड: उपटावे की राहू द्यावे?

मेसाकर:
आम्ही सॅन डिएगोच्या दक्षिणेस, मेक्सिकोच्या सीमेलगत ओटाय मेसा या पठारावर राहतो. घरामागच्या घळीच्या उतारावर सेजब्रश आणि बकव्हीट या झुडपांचे मूळचे रान थोडे शिल्लक आहे व त्यात गुडघ्याच्या वर न जाणारी करड्या रंगाची झुडपे आहेत. त्यांची पाने आकाराने चाकवताच्या पानांसारखी, खालून पांढरट लवेची असून फळे काटेरी आहेत. मोबाइलवरील ॲपने त्यांना ‘अँब्रोसिया’, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध असलेले रॅगवीड, ठरवले आहे. माझ्या सासूबाईंना परागकणांची ॲलर्जी आहे. तेव्हा ही झुडपे काढून टाकावीत का?

बोरबाभूळ:
वर्णनावरून हे सॅन डिएगो बरसेज, म्हणजे अँब्रोसिया चेनोपोडिफोलिया, असावे. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम यांनी 1844 मध्ये त्याचे वर्णन फ्रान्सेरिया या प्रजातीत केले होते. 1964 मध्ये विलार्ड पेन यांनी ती सारी काटेरी फळांची मंडळी रॅगवीडच्या प्रजातीत आणली, आणि तेव्हापासून या बिचाऱ्या झुडपाच्या माथी तणाचा शिक्का बसला. वास्तविक ते तेथील मूळचे आहे. त्याचा मुख्य प्रदेश बाहा कॅलिफोर्निया असून सॅन डिएगो परगण्याचे दक्षिण टोक ही त्याची उत्तर सीमा आहे. त्यामुळे सीमेपलीकडे ते भरपूर आढळत असले, तरी कॅलिफोर्नियात त्याची गणना दुर्मिळ वनस्पतींत होते. ज्या किनारी रानात ते वाढते, त्याच रानावर कॅलिफोर्निया नॅटकॅचर हा चिमुकला पक्षी अवलंबून असून त्याला 1993 पासून केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून तो उतार आपल्या मालकीचा आहे की राखीव, याची आधी चौकशी करावी, आणि राखीव असल्यास त्याला हात लावू नये.

पराग:
दुर्मिळ असले म्हणून परागकण निरुपद्रवी ठरत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. याचे परागीभवन वाऱ्यावर होते: नर फुलोरे तुऱ्यावर वरच्या बाजूस, मादी फुलोरे त्यांच्या खाली, आणि काटेरी फळ त्या मादी फुलोऱ्याचेच बनते. मात्र अमेरिकेच्या पूर्व भागात लोकांना बेजार करणारे वर्षायू रॅगवीड उन्हाळ्याच्या अखेरीस फुलते, तर हे झुडूप मुख्यतः वसंतात. त्यामुळे सासूबाईंना त्रास कोणत्या महिन्यांत होतो, हे आधी पाहावे. त्यांचे आयुष्य महाराष्ट्रात गेले असेल, तर गाजर गवताचा त्रास होता का, तेही विचारावे, कारण ते रॅगवीडच्याच उपगटातले असून त्याच्या आणि रॅगवीडच्या परागकणांतील प्रथिनांना शरीर सारखाच प्रतिसाद देऊ शकते.

मेसाकर:
पुण्यात गाजर गवताने त्यांना शिंका येत आणि त्वचेवर चट्टेही उठत. येथे मात्र त्रास ऑक्टोबरच्या सुमारास होतो.

पराग:
मग या झुडपावर संशय घेण्यास फारसा आधार उरत नाही. त्याच परिसरात वेस्टर्न रॅगवीड हे दुसरे बहुवर्षायू तण उन्हाळ्यापासून शरदापर्यंत फुलते. कुंपणाजवळ ते आहे का, हे पाहावे आणि ॲलर्जीतज्ज्ञांकडून त्वचाचाचणी करून घ्यावी. तोवर उतारावरची झुडपे उपटू नयेत.