सोलापुरी चादर परदेशी पाठवताना एचएस कोड (कस्टमसाठी मालाचा प्रकार सांगणारा आकडा) कोणी ठरवायचा? आपण की कुरिअरवाल्यानं?

टेरीवाला:
आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातले बरेच जण आता स्वतःच्या ऑनलाइन स्टोअरवरून थेट अमेरिका, दुबई, जर्मनीला माल धाडतात. बिलावर काय लिहिलेलं असतं, तर 'होम टेक्स्टाइल'. कोडच्या रकान्यात कुरिअरचा पोरगा टाकेल तो आकडा. माझं मत असं की कोड आणि मूळ देश ज्याचा माल त्यानंच ठरवावा आणि स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूच्या नोंदीत भरून ठेवावा. शॉपिफायसारख्या ऑनलाइन दुकान चालवायच्या ठिकाणी त्यासाठी वेगळे रकाने आहेत. बहुतेकांचे रिकामे असतात.

पूर्वी हे खपून जायचं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला आयात ड्यूटी नव्हती. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्याच देशांसाठी बंद झाली. आता दोन टॉवेलांच्या पाकिटालाही कोड लागतो आणि पैसे त्यावरच ठरतात.

अक्कलकोट रोड:
मालक, घरचे चार माग, शिवायला बायको, पॅकिंगला भाऊ. आम्ही माल विणायचा का कस्टमची पुस्तकं वाचायची? कुरिअर कंपनी पैसे घेते, तिच्याकडं शिकलेली माणसं आहेत, ती बघतील. त्यात कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे वेगळे. आपल्याकडं आठ, अमेरिकेत दहा. एवढं कोण लक्षात ठेवणार?

टेरीवाला:
पहिले सहा तुम्ही ठरवा, पुढचं तिकडचे बघतील. कुरिअरवाल्याला पाकिटात काय आहे ते तुमच्या बिलावरूनच कळणार ना? तुमच्याच मालाचं बघा. सुती टेरी टॉवेल ६३०२.६०, वाद नाही. लूप नसलेला साधा सुती पंचा ६३०२.९१. आणि त्याच टेरीच्या कापडाचा बाथरोब शिवला की तो ६३ व्या प्रकरणातून, म्हणजे चादरी-टॉवेलांच्या गटातून, बाहेर पडतो, कपड्यांत जातो: पुरुषांचा ६२०७, बायकांचा ६२०८. कोणीही घालावा असा असला तर नियमानं तो बायकांच्यात धरतात. हे 'होम टेक्स्टाइल' वाचून कुठल्या पोराला सुचणार आहे?

दोन पैसे:
टॉवेलचं सोडा ओ, चादरीचं बोला. आपली जेकार्ड चादर ब्लँकेट म्हणून ६३०१.३० मध्ये गेली तर अमेरिकेत मूळ ड्यूटी ८.४ टक्के. बेडस्प्रेड म्हणून ६३०४.१९ मध्ये गेली, भरतकाम वगैरे नसलं, तर ४.४. वरची जादा ड्यूटी असली तर ती वेगळी. तिकडचं गिऱ्हाईक स्वतःच सांगतं, बेडस्प्रेड लिहा. लिहिलं तर कोणाचं काय जातं?

फाईलबहाद्दर:
सीएचएकडे, म्हणजे कस्टमची कामं करून देणाऱ्या एजंटाकडे, काम करतो म्हणून बोलतो. दर बघून कोड ठरवायचा नसतो, माल बघून ठरवायचा असतो. तुमच्या स्टोअरवर लिहिलंय 'थंडीत अंगावर घ्यायला उबदार' आणि बिलावर बेडस्प्रेड. तिकडच्या अधिकाऱ्यानं तुमचं पान उघडलं की झालं.

दोन पैसे:
अहो पण सोलापुरात तीच चादर पलंगावर अंथरतात आणि तीच पांघरतात. दोन्ही खरंच आहे की.

फाईलबहाद्दर:
असू दे. माप, वजन, वीण, डिझाइन आणि तुम्ही ती कशासाठी विकता, हे सगळं बघून एक बाजू धरा. कारण कागदावर लिहा, फोटो जोडा आणि मग हलू नका. ह्या महिन्यात ब्लँकेट, पुढच्या महिन्यात बेडस्प्रेड, तिथंच माणूस सापडतो. अमेरिकन कस्टमचे जुने निर्णय 'क्रॉस' नावाच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतात. आपल्यासारखा माल शोधा. शंका राहिलीच तर लेखी निर्णय मागता येतो. आणि इकडंही तोच हिशेब. रॉसकटलसारख्या योजनेतला, निर्यातीच्या कापडी मालावरच्या करांचा, परतावा शिपिंग बिलावरच्या (आपल्या कस्टमकडे द्यायच्या निर्यातीच्या कागदावरच्या) भारतीय कोडवर मिळतो. तिथं एक आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर दुसरा, असं चालणार नाही.

गाळेवाला:
माझा प्रश्न मूळ देशाचा. दुकानात आपली चादर आहे, थोडी पानिपतची आहे आणि चीनची मिंक ब्लँकेटंही आहेत. सगळं सोलापुरातूनच निघतं, मग सरसकट भारत लिहितो. शिवाय आपल्या चादरीला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचं नाव राखणारी सरकारी नोंद, आहे.

फाईलबहाद्दर:
तीन गोष्टींची भेळ केलीत दादा. पानिपतचा माल कस्टमच्या लेखी भारतीयच, पण तो 'सोलापुरी' म्हणून विकू नका, जीआय त्यासाठीच आहे. मिंकवर चीनच लिहायचं. पार्सल कुठून निघालं ह्याला अर्थ नाही, आणि नवी पिशवी, नवं लेबल लावून मूळ देश बदलत नाही. चादर-टॉवेलच्या बाबतीत अमेरिका साधारणपणे कापड कुठं विणलं ते बघते. सूत बाहेरचं असलं तरी माग सोलापुरात चालला असेल तर भारत.

दुबईचं वेगळं. १ मे २०२२ पासून भारताचा यूएईशी व्यापार करार आहे. त्याची सवलत हवी तर डीजीएफटीच्या (सरकारच्या विदेश व्यापार खात्याच्या) पोर्टलवरून मूळ देशाचं प्रमाणपत्र काढावं लागतं आणि करारातले नियम वेगळे तपासावे लागतात. जीआयचा कागद तिथं चालत नाही.

अक्कलकोट रोड:
हे बघा! एका सुट्या पार्सलला प्रमाणपत्र? दुबईत ड्यूटी असते पाच टक्के. तेवढी वाचवायला अर्धा दिवस पोर्टलवर बसू?

टेरीवाला:
इथं तुमचं बरोबर आहे. सुट्या पार्सलला परवडत नाही. तिथल्या दुकानदाराला खोकी जातात तेव्हा मात्र काढाच, नाहीतर तो पाच टक्के तुमच्याच भावातून कापतो.

अक्कलकोट रोड:
खोक्यांचं काढतो. पण एक सांगा, कुरिअरनं चुकीचा कोड टाकला तर भरणार कोण?

फाईलबहाद्दर:
इकडच्या कागदावर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, तुमचा, म्हणून उत्तर तुम्ही द्यायचं. तिकडं ड्यूटी तुम्ही भरायची असं ठरलं असेल तर फरकाचं बिलही तुमच्याकडंच येतं. गिऱ्हाइकानं भरायची असेल तर ते पार्सल सोडवत नाही, आणि परतीचं भाडं कधी कधी मालापेक्षा जास्त होतं.

अक्कलकोट रोड:
बरं. बाथरोबचे दोन कोड आज भरतो. चादरीचं मात्र फाईलबहाद्दर आणि दोन पैसे, तुम्ही दोघं आधी आपसात मिटवा, मग मी हात लावतो.