डॅशकॅम असताना साक्षीदार कशाला?

सिंहगडरोडकर:
गेल्या आठवड्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना माझ्यासमोर एक टेम्पो डावीकडे घुसला आणि दुचाकीवरचा मुलगा जागीच गेला. सगळं माझ्या गाडीतल्या डॅशकॅममध्ये आहे. चौकीत सांगितलं तर म्हणाले, "व्हॉट्सअ‍ॅप करा." केलं. आता एक टपरीवाला म्हणतोय, दुचाकीच आडवी आली. माझं मत: व्हिडिओ असेल तिथं तोच अंतिम मानावा. माणसं फितूर होतात. 2024 मध्ये कल्याणीनगरच्या पोर्श अपघाताच्या प्रकरणात तर रक्ताचे नमुनेच बदलल्याचा आरोप झाला. कॅमेऱ्याला कोण फितवणार?

काळा_कोट:
व्हॉट्सअ‍ॅप करून तुम्हीच फितवलात की! तिथं व्हिडिओ दाबून लहान होतो, मूळ फाइलच्या हॅशशी, म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशाशी, जुळत नाही. निदान डॉक्युमेंट म्हणून तरी पाठवायचा होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणाऱ्या प्रमाणपत्राचे दोन भाग: एक उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहावा लागतो. जुन्या कायद्यातलं असंच प्रमाणपत्र सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये खोतकर-गोरंट्याल निकालात सक्तीचं ठरवलं होतं. मूळ उपकरण घेऊन मालक स्वतः पिंजऱ्यात उभा राहिला तर त्याची गरज नाही, असंही त्यातच आहे. म्हणजे साक्षीदार लागलाच. तुम्ही!

सिंहगडरोडकर:
कागदपत्रांचं मान्य. पण टेम्पोचा वेग तर व्हिडिओत दिसतोच ना?

सर्व्हेअर_बाणेर:
दिसत नाही, काढावा लागतो. सेकंदाला 30 फ्रेम, म्हणजे 30 चित्रं, घेणारा कॅमेरा धरा. रस्त्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजलं, 9 मीटर. ते कापायला गाडीला 15 फ्रेम लागल्या, म्हणजे अर्धा सेकंद, ताशी 65 किमी. आता एक फ्रेम इकडेतिकडे धरा: 61 किंवा 69! 27 मीटरचं अंतर घेतलं तर फरक 63 ते 66 वर येतो. म्हणून जागेवर जाऊन लांबच्या खुणा मोजतात. त्यात तुमचा कॅमेराही पळत होता, त्याची जागा प्रत्येक फ्रेमला वेगळी. रुंद भिंगात लांबची वस्तू आहे त्याहून लांब वाटते, कडेच्या सरळ रेषा वाकतात. स्वस्त कॅमेरे अंधारात फ्रेमही गाळतात. ब्रेकच्या खुणा, गाडीचा चेपलेला भाग, शवविच्छेदन, काही गाड्यांत एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये नोंदलेली धडकेआधीची शेवटची काही सेकंदं, हे सगळं व्हिडिओशी ताडून बघतात. एकट्या व्हिडिओवर मी तर सही करणार नाही.

मृण्मयी_कोथरूड:
सर्व्हेअरसाहेब, तुमचा हिशोब पटला, पण माझ्या वडिलांच्या वेळी ना फ्रेम होती ना टपरीवाला. पहाटे फिरायला गेले होते. कागदावर आजही "अज्ञात वाहन" एवढंच आहे. 61 की 69 हा वाद घालायला आम्हाला निदान नंबर प्लेट तरी मिळायला हवी होती. अंतिम मानू नका, पण गोळा तरी करा! पंचनाम्याच्या वेळी "कोणाकडे कॅमेरा आहे का" एवढं विचारायला काय जातं?

काळा_कोट:
ताई, याला माझा अजिबात विरोध नाही. पण जप्तीचा पंचनामा, कार्ड सीलबंद, मग प्रयोगशाळा, असा रस्ता हवा. आरोपीच्या गाडीतलं कार्ड तर त्याच रात्री हवं. नंतर ते "खराब" निघतं. पुरावा नाहीसा करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 238 खाली गुन्हा आहे, पण तेही सिद्ध कोण करणार?

सिंहगडरोडकर:
ठीक, "अंतिम" शब्द मागे घेतो. मूळ कार्ड आहे माझ्याकडे, उद्या नेऊन देतो.

सर्व्हेअर_बाणेर:
कार्ड कुठंय?

सिंहगडरोडकर:
कॅमेऱ्यातच. रोज हिंजवडीला जातो ना गाडी घेऊन.

सर्व्हेअर_बाणेर:
अहो! कार्ड भरलं की जुन्यावरच नवं रेकॉर्ड होतं. धक्का तुमच्या गाडीला बसलेला नाही, म्हणजे ती फाइल आपोआप लॉकही झाली नसणार. आधी खाली जा आणि कार्ड काढा.

सिंहगडरोडकर:
जातोय.