कीटकनाशकाच्या बाटलीवरचा हिरवा रंग तुमच्याकडे लोक कसा वाचतात?

कपाशीवाली (यवतमाळ)
नमस्कार मंडळी. नऊ वर्षांपासून माझं कृषी केंद्र आहे. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या एक काकू मालकाने सांगितलेलं औषध न्यायला आल्या. त्या मजुरीने फवारणीला जातात. मी बाटलीसोबत मास्क आणि हातमोजे काढून ठेवले, तर त्यांनी बाटली फिरवून लेबलावरचा हिरवा भाग मला दाखवला. "हिरवं आहे नं ताई, याले काय मास्क? बिस्किटाच्या पुड्यावर राहते तसंच तर आहे."

चहासोबत खायला आणलेला पुडा तिथेच होता. दोन्ही शेजारी ठेवून बघितले. पुड्यावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. बाटलीवर टोकावर उभा केलेला चौकोन आणि त्याचा खालचा अर्धा भाग हिरवा. ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही, तिने रंगच वाचला. त्यात तिची काय चूक?

उलटंही होतं. कवटी-हाडांचं चित्र बघून काही जण मुद्दाम तोच डबा मागतात. "खोपडीवालं द्या, कडक राहते." धोक्याची खूण त्यांना ताकदीची वाटते.

२०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त माणसं गेली. तेव्हापासून असं काही ऐकलं की मला झोप लागत नाही. तुमच्याकडे लोक या रंगांचा काय अर्थ लावतात? आणि समजावायचं कसं?

काळी_माती (अकोला, कृषी पदवीधर)
ताई, ही खूण १९७१ च्या कीटकनाशक नियमांतली. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. चारही रंग विषाचेच आहेत. 'विष नाही' असं सांगणारा रंग त्यात ठेवलेलाच नाही. कवटी फक्त लालवर. पिवळ्यावर नुसतं 'पॉइझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. म्हणजे चित्र पाहून ओळखणाऱ्याला पिवळ्या डब्यावर भीतीचं काहीच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला कॉलेज सुटल्यावर कळली. रंग ठरतो तो औषध पोटात गेलं किंवा कातडीला लागलं तर किती मात्रेत प्रयोगातलं जनावर मरतं, यावरून. तोंडावाटे वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत मरत असेल तर लाल, ५००० च्या वर लागत असेल तर हिरवा. वाऱ्याने उलटून नाकातोंडात गेलेल्या फवाऱ्याचं काय, पंपात दोन-तीन औषधं एकत्र केली तर काय, हे तो रंग सांगत नाही. आणि आपल्याकडे एकच औषध पंपात टाकणारे किती आहेत?

बागायतदार (निफाड)
आमच्याकडे घोळ निळ्याचा. लाल, पिवळा, हिरवा सिग्नलमुळे ओळखीचे. निळा तिथे नाही, म्हणून माणसं त्याला पाण्यासारखा समजतात, हिरव्याहूनही सौम्य. बागेतला गडी निळ्या खुणेचं औषध उघड्या हाताने ढवळत होता. मी ओरडलो तेव्हा त्याने काठी घेतली.

मला तर वाटतं, खरी अडचण 'औषध' या शब्दातच आहे. औषध म्हटलं की भीती कशी वाटणार? माझी आजी अजून 'इखाचा डबा' म्हणते आणि नातवंडांना त्या कोपऱ्यात फिरकू देत नाही. तिला एकही खूण वाचता येत नाही.

फळा_खडू (नांदेड, शिक्षक)
ताई, तुमचा प्रश्न वाचून तिसरीच्या वर्गात फळ्यावर फक्त एक हिरवा गोल काढला आणि अर्थ विचारला. उत्तरं आली: शाकाहारी, गाडी जाऊ द्या, बरोबर उत्तर, आणि मागच्या बाकावरून "सर, मोबाइल चार्ज झाला." एकालाही हिरव्यात धोका दिसला नाही. हीच मुलं घरी बाटल्या उचलून देतात.

रंगावर भरवसा ठेवू नका, आकार शिकवा. पुड्यावरच्या खुणेतही तेच करावं लागलं. मांसाहारासाठी आधी तपकिरी गोल होता. हिरवा आणि तपकिरी ज्यांना वेगळे दिसत नाहीत त्यांना तो कळेना, म्हणून २०२० च्या नियमांनी तिथे त्रिकोण आला. तुमच्याकडे तर आकार आधीपासूनच वेगळा आहे. टोकावर उभा चौकोन दिसला की विष, रंग कोणताही असो.

कपाशीवाली (यवतमाळ)
सर, तुमचं वाक्य पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून काउंटरवर लावलं. त्याखाली चार रिकामे डबे ओळीने चिकटवले, लाल सगळ्यात वर. निफाडचे भाऊ, तुमचं वाचून पावतीवर आणि बोलण्यात 'औषध' टाळायचा प्रयत्न करतेय. दिवसात दहा वेळा तोंडून निघतंच.

काल त्याच काकू आल्या. डब्यांसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग निळ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे पिवळ्याच्या खाली कसं? मी तर पिवळं उघड्या हाताने कालवते." मी त्यांच्या हातात मोजे दिले. या वेळी पिशवीत टाकले त्यांनी.