गव्हर्नरच्या खुर्चीतून थेट अध्यक्षपदी: मिच डॅनियल्स आणि पर्ड्यू विद्यापीठ

पाटीपेन्सिल (धागाकर्ता):
अमेरिकेतील इंडियाना राज्याचे गव्हर्नर मिच डॅनियल्स यांची तेथीलच पर्ड्यू विद्यापीठाच्या अध्यक्षपदी (आपल्याकडील कुलगुरूपदासारखे पद) निवड झाली ती जून २०१२ मध्ये, म्हणजे ते गव्हर्नरपदावर असतानाच. आणि निवड करणाऱ्या विश्वस्तांपैकी प्रत्येकाला त्यांनीच नेमले किंवा मुदतवाढ दिली होती. हा प्रकार मलाही खटकतो. तरीही २०१३ ते २०२२ या कारकिर्दीत त्यांनी जे केले ते एखाद्या प्राध्यापक-अध्यक्षाला जमले असते का, याबद्दल मला शंका आहे. राज्यातील विद्यार्थ्याचे वार्षिक शुल्क त्यांनी ९,९९२ डॉलरवर गोठवले आणि वसतिगृह व खानावळीचे दरही खाली आणले. बुश सरकारचे अंदाजपत्रक सांभाळलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची सवय असते, तीच येथे कामी आली.

खडूफळा:
शुल्काचे कौतुक करताना आपण हे विसरता की, गव्हर्नर असताना २००९ च्या मंदीत विद्यापीठांच्या अनुदानाला कात्री लावणारेही हेच गृहस्थ होते. शिवाय २०१३ च्या जुलैमध्ये त्यांचे जुने ई-मेल उजेडात आले. डाव्या विचारांचे इतिहासकार हॉवर्ड झिन यांच्या निधनानंतर, २०१० मध्ये, झिन यांचे पुस्तक इंडियानात कोठेही शिकवले जाऊ नये याची खातरजमा करण्यास डॅनियल्स यांनी अधिकाऱ्यांना सांगितले होते. आपला रोख विद्यापीठांवर नसून शाळांवर होता, हा त्यांचा खुलासा पर्ड्यूच्या अनेक प्राध्यापकांच्या गळी उतरला नाही आणि त्यांनी तसे जाहीर पत्र लिहिले. पुढे २०१७ मध्ये नफ्यासाठी चालणारे, मुख्यतः ऑनलाइन शिकवणारे कॅप्लान विद्यापीठ एका डॉलरला घेण्याचा व्यवहार ठरला, तोही प्राध्यापकांना विश्वासात न घेता. प्राध्यापकांच्या प्रतिनिधी मंडळाने (सिनेटने) ठराव करून त्याचा निषेध केला. मंत्रालयातील कारभाराची सवय विद्यापीठात आली की असे होते.

पाटीपेन्सिल:
झिन प्रकरणाचे समर्थन मी करणार नाही. कॅप्लानबाबत मात्र मतभेद आहे. नोकरी करून पदवी घेऊ पाहणाऱ्या प्रौढांसाठी नवी संस्था शून्यातून उभारण्यात किती वर्षे गेली असती?

जमाखर्च:
शुल्क गोठवणे म्हणजे जादू नव्हे. विद्यार्थिसंख्या साधारण ३९ हजारांवरून ५० हजारांवर गेली, म्हणजे दर तोच ठेवून गिऱ्हाईक वाढवले. त्याचा ताण पर्ड्यूच्या वेस्ट लाफाएट गावातील वसतिगृहांवर पडला आणि काहींना तात्पुरत्या सोयीत राहावे लागले. ‘बॅक अ बॉयलर’ ही योजनाही पाहा: शिक्षणासाठी कर्ज काढण्याऐवजी, पुढील पगाराचा ठरावीक हिस्सा देण्याच्या बोलीवर पैसे घ्यायचे. २०१६ मध्ये वाजतगाजत सुरू झालेली ही योजना २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी थांबवावी लागली. आणखी एक, डॅनियल्स यांच्यानंतर आलेले मंग च्यांग हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक, आणि शुल्क त्यांनीही वाढवलेले नाही. मग राजकारणीच हवा हा आग्रह कशासाठी?

पाटीपेन्सिल:
चालू गोष्ट चालू ठेवणे आणि सगळे वाढवत असताना पहिल्यांदा थांबवणे यांत फरक आहे.

खडूफळा:
असेल. पण आपल्याकडे कुलगुरू निवडीत राज्यपालांचे नाव निघाले की आपण सारेच कान टवकारतो. तेथे तर गव्हर्नरने नेमलेल्यांनी गव्हर्नरलाच निवडले. पद सोडल्यावर निदान दोन वर्षे तरी अशा नेमणुकीला बंदी हवी.

पाटीपेन्सिल:
ती बंदी मलाही मान्य आहे. मात्र ती २०१२ मध्ये असती, तर पर्ड्यूने दुसऱ्या कोणाला तरी निवडले असते आणि शुल्क इतर विद्यापीठांसारखेच दरवर्षी चढत गेले असते, असे मला वाटते.