मदत हवी आहे: कणा आहे की नाही, हे न कापता कसं ओळखायचं?

मंडळी, सावंतवाडीजवळ आमची पोफळीची बाग आहे. काल आळी उकरताना शेणखताखालून फूटभर लांब, काळपट निळसर प्राणी निघाला. अंगभर वळ्या, दोन्ही कुशींना पिवळा पट्टा, हाताला बुळबुळीत. गडी म्हणतो साप, मारून टाकू. आठवीतला भाचा म्हणतो वळ्या आहेत म्हणजे गांडूळ, अपृष्ठवंशीय. ओल्या मातीसकट बादलीत ठेवलाय. रेंजची बोंब, त्यामुळे फोटो चढत नाही. बाहेरून ओळखायची काही खूण?
– पोफळीवाली

बेडूकराव:
ताई, पिवळा पट्टा म्हणजे देवगांडूळच असणार. बिनपायाचा उभयचर, बेडकाचा भाऊबंद, म्हणजे पृष्ठवंशीय. वळ्यांवर जाऊ नका, चाल बघा. गांडुळाच्या अंगात हाड नाही, नुसता द्रव आणि स्नायू; ते लांब-बारीक होतं, मग आखडून जाड होतं. कणा असलेल्याला असं आखडता येत नाही, तो नागमोडी वळतो. दुसरं, तोंड. गांडुळाला जबडा नसतो, याला जबडा आणि दातही असतात.

न्हाणीघर:
पावसाळ्यात मोरीतून वर येतो तो वाळाही लोक गांडूळ समजतात. तो मात्र खराखुरा साप. अंग कोरडं, चकचकीत, बारीक खवल्यांचं, जीभ लवलवते. मुंग्या-वाळवीची अंडी खातो, माणसाला काही करत नाही.

खाडीकाठ:
भाच्याला सांगा, कणा म्हणजे हाडच असं नाही. मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, अंगात एकही हाड नाही, सगळी कूर्चा, तरी ती पृष्ठवंशीय. उलट माकुलाच्या (कटलफिशच्या) पाठीत पांढरं समुद्रफेस निघतं, पण तो कणा नव्हे, आतलं कवच. माकूल बसतं गोगलगाईच्या पंगतीला!

पोफळीवाली:
काडीने हलकेच डिवचलं. आखडला नाही, वळसे घेत मातीत डोकं खुपसलं. तोंड उघडलं तेव्हा जबडा स्पष्ट दिसला. भाच्याला पटलं, गड्याला अजून नाही. सोडू कुठे? ओढ्याकडेला?

बेडूकराव:
नको, त्याच आळ्यात सोडा, खायला गांडुळं तिथेच मिळतात. हात ओला करूनच धरा, त्वचेतूनही श्वास घेतो तो. गडी मीठ टाकायला धावला तर अडवा. आणि तिथे अंड्यांचा घोस दिसला तर माती तशीच झाका. मादी वेटोळं घालून तो राखते.