सोसायटी ऑफिसची हार्ड डिस्क

ए-१०२ (सेक्रेटरी): ऑफिसच्या कॉम्प्युटरचा डी ड्राइव्ह सकाळपासून उघडत नाही. ‘डिस्क फॉरमॅट करा’ असा मेसेज येतोय. मेंटेनन्सच्या हिशेबाची टॅली, शेअर रजिस्टरचे स्कॅन, जुने ठराव सगळं त्यातच. वार्षिक सभा तोंडावर आलीये. यातलं कुणाला कळतं का?

सी-३०४: करा फॉरमॅट, नंतर सॉफ्टवेअरने सगळं परत येतं. माझ्या मेव्हण्याने केलं होतं.

बी-४०१: काका थांबा!! फॉरमॅट नको. डिस्कमधून टक् टक् आवाज येतोय का?

सेक्रेटरी: आवाज नाही. पण उघडायला गेलं की मशीन अडकतं.

बी-४०१: आवाज असता तर आधी प्लग काढायला सांगितलं असतं. तो बहुतेक वेळा हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग, गेल्याचा असतो. तशीच चालू ठेवली तर तबकडीवर ओरखडे पडतात, मग लॅबवालेही हात टेकतात. तुमची फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंदवही, बिघडलेली दिसतेय. डेटा बहुधा जागेवर असेल.

सी-३०४: मग विंडोजचं चेकडिस्क मारू दे की, ते डिस्क दुरुस्त करतं.

बी-४०१: नको ना दादा. त्याला फाइल सिस्टीम ताळ्यावर आणायची असते, आपल्या फाइलींशी देणंघेणं नाही. न जुळणाऱ्या नोंदी सरळ उडवतं, तेही मूळ डिस्कवरच.

डी-२०१: आमच्या भाचीने फ्रीजरमध्ये ठेवली होती, चालली की!

बी-४०१: काकू 😄 बाहेर काढल्यावर दव धरतं त्यावर. फ्रीजर मटारांनाच राहू द्या.

ए-५०३ (खजिनदार): लॅमिंग्टन रोडला हजारभरात करून देतात म्हणे.

बी-४०१: ‘आधी क्लोन, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत, घेता का’ एवढं विचारा. नाही म्हणाले तर डिस्क उचलून परत या. शिवाय त्यात सगळ्यांचे आधार-पॅन आहेत, कुणाच्याही हातात कशी द्यायची?

मी रात्री लिनक्सवर डीडीरेस्क्यू लावतो, खराब डिस्कचा क्लोन काढायचं सॉफ्टवेअर. ते चांगला भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. मध्ये लाइट गेली तरी तिथून पुढे सुरू करता येतं. पुढचं सगळं क्लोनवर, टेस्टडिस्क नावाच्या दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरने. एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टीम. तिची मूळ माहिती असलेल्या पहिल्या भागाची (बूट सेक्टर) एक प्रत पार्टिशनच्या, म्हणजे ड्राइव्हच्या, शेवटी असते. बिघाड तेवढाच असला तर ती वापरून फोल्डर जसेच्या तसे दिसतील.

नाहीतर फोटोरेक हे फाइली शोधणारं सॉफ्टवेअर. ते फाइलच्या आतल्या खुणा बघून ओळखतं, त्यामुळे नावं नि फोल्डर जातात. ठरावांच्या पीडीएफ मिळतील, पण एकेक उघडून बघाव्या लागतील. टॅलीचं मात्र कठीण. तिला डेटाचा अख्खा फोल्डर लागतो, सुटे तुकडे घेऊन काय करणार?

खजिनदार: ऑडिटरकडे मार्चअखेरचा टॅली बॅकअप आहे!

बी-४०१: मग अर्धं टेन्शन गेलं. आजच मागवा. अगदीच काही हाती लागलं नाही तर एप्रिलपासूनच्या एंट्र्या बँक स्टेटमेंटवरून चढवू.

सेक्रेटरी: मी बंद करून डिस्क काढतो. १ टीबीची आहे. २ टीबीची रिकामी कुणाकडे आहे?

डी-२०१: आमच्याकडे आहे, पण लग्नाचा व्हिडिओ आहे त्यात.

बी-४०१: काकू, मग ती नको!! काका, नवीनच घ्या, बिल सोसायटीच्या नावावर.